आधी दोष कुठल्या अंगाला ते बघ

पोरी, रात्री फोनवर अपडेट झालं आणि सकाळी तुझं सेवा केंद्र उघडल्यावर लॅपटॉपला हॉटस्पॉट लागेना, तर घाईने सेटिंगमध्ये हात घालू नकोस. फोन एकदा पूर्ण बंद करून चालू कर, लॅपटॉपही तसाच कर. मोठ्या अपडेटनंतर अडकून पडलेलं बरंचसं एवढ्यानेच सुटतं. नाही सुटलं, तर पुढचं काही करण्याआधी एकच प्रश्न विचार: दोष कुठल्या अंगाला आहे?

माझी उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ‘फोन डेड आहे’ अशी तक्रार आली की आम्ही लगेच शिडी घेऊन खांबावर चढत नव्हतो. आधी एमडीएफवर जायचं, म्हणजे गावातल्या सगळ्या तारा एक्स्चेंजला जिथे येऊन मिळतात त्या चौकटीपाशी. तिथे बाहेरची जोडी सोडवायची आणि आतल्या बाजूला डायल टोन येतो का ते ऐकायचं. टोन आला तर दोष बाहेर, नाही आला तर आत. दोन मिनिटांत अर्धं काम झालेलं असायचं. तुझ्या फोनचंही तेच आहे. टॉवरवरून नेट फोनमध्ये येतं, हे एक अंग. फोनमधून वायफायने लॅपटॉपकडे जातं, हे दुसरं. लॅपटॉप ते घेतो, हे तिसरं. तिन्ही वेगवेगळी तपास.

पहिलं अंग तपासायला फोनचं स्वतःचं वायफाय बंद कर आणि मोबाइल डेटावर एखादं कधी न उघडलेलं पान उघड. नेहमीचं पान नको, ते साठवलेलं असतं आणि फसवतं. पान उघडलं नाही, तर हॉटस्पॉटचा काही दोष नाही, मुळात नेटच नाही. तुझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत. अपडेटनंतर डेटा दुसऱ्याच सिमवर गेलाय का बघ, आणि त्या सिमवर पॅक आहे का तेही बघ.

फोनवर पान उघडलं, तर ड्रॉवरमधली केबल काढ. फोन लॅपटॉपला जोड आणि हॉटस्पॉटच्याच पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ असतं ते चालू कर. केबल मात्र डेटाची हवी. स्वस्तातल्या काही केबलींतून फक्त चार्जिंग होतं. तशी असेल तर ते बटण फिकटच राहील. केबलने लॅपटॉपला नेट मिळालं, तर टॉवरपासून फोनपर्यंत सगळं ठीक आहे, घोळ वायफायच्या टप्प्यात आहे, हे पक्कं झालं. शिवाय तुझं काम सुरू झालं. खरिपाच्या पीक विम्याची मुदत जुलैअखेरीला येते तेव्हा दारात सातबारा आणि पासबुक घेऊन माणसं उभी असतात. त्यांतली कितीतरी रोज बुडवून आलेली असतात. अशा वेळी त्यांना ‘नेट नाही, उद्या या’ म्हणायचं नाही. केबल लावायची, फॉर्म भरायचे, दुरुस्ती संध्याकाळी निवांत करायची. थंब मशीनसाठी एक पोर्ट आणि या केबलसाठी एक, असे दोन पोर्ट कायम मोकळे ठेव.

आता वायफायचा टप्पा. इथे लॅपटॉप नेमकं काय करतो ते नीट बघ, कारण हॉटस्पॉटचं नावच न दिसणं आणि नाव दिसून पासवर्ड न घेणं यांची कारणं निराळी असतात.

नावच दिसत नसेल, तर फोन बहुधा पाच गिगाहर्ट्झवर गेलाय. वायफायचे दोन पट्टे नेहमीच्या वापरातले, २.४ आणि ५. पाचचा वेगवान, पण भिंतीपुढे दमतो आणि जुन्या लॅपटॉपला, साध्या प्रिंटरला तो दिसतच नाही. अपडेटमध्ये ही निवड बदलली जाऊ शकते आणि फोन तुला तसं सांगत नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘बँड’ शोध आणि २.४ निवड. काही फोनांत हेच ‘जास्त सुसंगतता’ अशा नावाने असतं. आयफोन १२ पासून पुढच्या आयफोनांत ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ नावाचं बटण आहे, त्याचंही काम हेच. वेग थोडा उतरेल, पण उतारे काढायला आणि फॉर्म भरायला २.४ भरपूर होतं. आयफोनवाल्या गिऱ्हाइकाने विचारलं तर एवढं आणखी सांग, की लॅपटॉप जोडला जाईपर्यंत हॉटस्पॉटचं पान उघडंच ठेवायचं.

नाव दिसतंय, पासवर्ड बरोबर आहे, तरी लॅपटॉप आत येत नसेल, तर सुरक्षेचा प्रकार बघ. डब्ल्यूपीए२ हा २००४चा, डब्ल्यूपीए३ हा २०१८चा. फोन अपडेटनंतर नव्या प्रकारावर गेला आणि लॅपटॉप किंवा प्रिंटर त्याआधीचा असला, तर दोघांचं जमत नाही. ‘सिक्युरिटी’मध्ये डब्ल्यूपीए२ किंवा दोन्ही एकत्र असलेला पर्याय निवड. मग लॅपटॉपवर जुनं नाव ‘फर्गेट’ कर आणि पासवर्ड नव्याने घाल. हे फर्गेट करणं लोक विसरतात आणि तासभर झगडत बसतात. लॅपटॉप जुनीच माहिती धरून बसलेला असतो. त्याच यादीत ‘ओपन’ असाही पर्याय दिसेल. वैतागून तो घेऊ नकोस, तपासायला म्हणूनसुद्धा नाही. तुझ्या लॅपटॉपवर लोकांची आधार कार्डं आणि बँक पासबुकं असतात, त्या जोडणीत परकं कुणी शिरता कामा नये.

आणखी एक, हौसेपोटी होणारं. हॉटस्पॉटचं नाव देवनागरीत किंवा इमोजी घालून ठेवलं असेल तर ते साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत कर, पासवर्डही तसाच. जुन्या यंत्रांना बाकीची अक्षरं कळत नाहीत. मराठीचा अभिमान पाटीवर ठळक लिही, इथे नको.

लॅपटॉप जोडला जातो पण ‘नो इंटरनेट’ म्हणतो, ही मला सगळ्यांत किचकट वाटणारी तक्रार. फोनवर व्हीपीएन असेल तर आधी ते बंद करून बघ. मग दुसरा कुणाचा तरी मोबाइल त्याच हॉटस्पॉटला जोड. त्याला नेट मिळालं, तर तिसऱ्या अंगाला, लॅपटॉपमध्ये दोष आहे. तोही अपडेट घेतच असतो. जून २०२२ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने संगणकाचीच हॉटस्पॉटची सोय बिघडली होती. मायक्रोसॉफ्टने ते जाहीर मान्य केलं आणि पुढच्या अपडेटात दुरुस्त केलं. दुसऱ्या मोबाइललाही नेट नाही मिळालं, तर एपीएन बघ. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते असतं. जिओचं ‘जिओनेट’, बीएसएनएलचं ‘बीएसएनएलनेट’. आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढ, मगच हात लाव. ‘रीसेट टू डीफॉल्ट’ केलं की बहुतेक वेळा मूळपदावर येतं. तेवढ्याने भागलं नाही तर त्यातला ‘प्रोटोकॉल’ आयपीव्ही४/आयपीव्ही६ असा दोन्ही ठेव, आणि ‘एपीएन टाइप’मध्ये स्वल्पविराम देऊन ‘डीयूएन’ ही तीन अक्षरं इंग्रजीत जोड. काही फोन हॉटस्पॉटसाठी तीच नोंद शोधतात.

चालता चालता तुटत असेल तर फारसं काही नसतं. कुणी जोडलेलं नसलं की हॉटस्पॉट आपोआप बंद करायची सेटिंग असते, ती काढून टाक. बॅटरी सेव्हर काढ. डेटा सेव्हर चालू असेल तर कित्येक अँड्रॉइड फोन हॉटस्पॉट सुरूच करू देत नाहीत. आणि फोन खिडकीच्या उन्हातून हलव. चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालवला की तो तापतोच, वर ऊन नको.

हे सगळं करून झाल्यावरच ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’. यात फोटो, नंबर, व्हॉट्सअ‍ॅप काही जात नाही, पण साठवलेले वायफायचे सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. रीसेटनंतर फोन हॉटस्पॉटला स्वतःच नवं नाव आणि नवा पासवर्ड देईल. ते ठेवू नकोस. जुनंच नाव, जुनाच पासवर्ड, तोच सुरक्षेचा प्रकार परत घाल, एकेक अक्षर जुळवून. कॅपिटल अक्षर चुकलं तरी जमणार नाही. तसं केलंस की प्रिंटर आणि दारावरचा कॅमेरा आपणहून जोडले जातील, एकेकाची मनधरणी करावी लागणार नाही.

फॅक्टरी रीसेटचं नाव काढू नकोस, दुकानदार म्हणाला तरी. तुझे यूपीआय, ओटीपी, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं त्याच फोनवर आहे. त्यापेक्षा केबलवर काही आठवडे काढ. कंपनीच्या अपडेटमधलाच दोष असेल तर मागोमाग छोटं दुरुस्तीचं अपडेट येतं, त्याची वाट बघ.

पुढच्या वेळेसाठी आजच दोन कामं कर. हॉटस्पॉटच्या आणि एपीएनच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून त्यांची प्रिंट रजिस्टरच्या आतल्या बाजूला चिकटव. फोनमध्येच ठेवलेस तर नेमके गरजेच्या वेळी सापडत नाहीत. पासवर्डची नोंद मात्र गिऱ्हाइकाला दिसेल अशी नको. दुसरं, लॅपटॉपवर हॉटस्पॉटच्या जोडणीला ‘मीटर्ड’ अशी खूण कर, म्हणजे विंडोज भर गर्दीत मोठाली अपडेटं ओढून दिवसाचा पॅक संपवणार नाही. आणि फोनचं मोठं अपडेट सुट्टीच्या आदल्या रात्रीच घे. विम्याच्या मुदतीच्या आठवड्यात फोनने कितीही वेळा विचारलं तरी ‘नंतर’ दाब.