हगादा: कागदावरची आणि पडद्यावरची

पुण्यास १८७४ साली छापलेली मराठी भाषांतरासहित हगादा आता संगणकाच्या पडद्यावरही वाचावयास मिळते. अक्षर हवे तितके मोठे करता येते. आम्हा उतारवयातील वाचकांस ही सोय थोडी नव्हे. सणाआधीच्या अभ्यासास पडदा उत्तम. परंतु पेसाहच्या सेदेरला, तसेच शब्बाथला, नियम पाळणाऱ्या घरी ते यंत्र हाताळत नाहीत. म्हणून लागणारी पाने सूर्यास्तापूर्वीच छापून घ्यावीत. देवाचे नाव असलेली ही पाने जीर्ण झाल्यावर कचऱ्यात न टाकता गनिझात ठेवतात. पडद्यावरचे अक्षर पुसण्यास मात्र बहुतेक रब्बींची हरकत नसते. नातवंडांस देवनागरी येत नसेल, तर समासात मराठी उच्चार हिब्रू अक्षरांत लिहून द्यावेत. निदान चार प्रश्न तरी ती मराठीत विचारतील.