पहिल्या महिन्यात सगळं विचारून घे

अगं, ऑफर लेटर आलं, जॉइनिंगची तारीख ठरली, तिकीटही काढलंस. आता रात्री झोप लागत नाही म्हणतेस. नवं शहर, नवी भाषा, पहिलीच नोकरी, धाकधूक होणारच. मी इथे चेन्नईत बरीच वर्षं नोकरी करतेय, म्हणून ताईच्या हक्काने चार गोष्टी सांगते.

सगळ्यांत आधी एक लक्षात ठेव. नव्या माणसाला पहिला महिना काहीही विचारायची मुभा असते. तोच प्रश्न सहा महिन्यांनी विचारलास, तर ‘एवढंही माहीत नाही?’ असं लोकांच्या तोंडी येतं. इंडक्शनमध्ये कंपनीची ओळख, नियम, सुरक्षितता सगळं सांगतात. पण रजा नक्की कोण मंजूर करतं, काम अडलं तर आधी कोणाला गाठायचं, साहेबांना मेल लागतो की समोर जाऊन बोललेलं चालतं, हे शेजारच्या टेबलावरच कळतं. कंपनीने ‘बडी’, म्हणजे मदतीला एखादा जुना सहकारी, दिला असेल तर त्याला रोज गाठ. दिला नसेल तर मॅनेजरकडे माग. त्यात कमीपणा नाही. उलट, न विचारता रेटलेलं काम पुन्हा करावं लागतं आणि नाव तुझंच खराब होतं.

दुसरी गोष्ट कागदांची. मूळ प्रमाणपत्रं तपासायला दाखव, पण ठेवून घेऊ देऊ नकोस. बाँडवर सही करण्याआधी मुदत आणि रक्कम वाच. सीटीसीचा आकडा म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुझे पीएफमध्ये जातात, कंपनीही तेवढेच भरते. पीएफचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच असतो. तो मिळाला की नॉमिनीचं नाव लगेच भर. आणि जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावं पहिल्याच आठवड्यात बघून ठेव. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. वेळ येऊ नये, पण माहिती हाताशी हवी.

आता इथलं सांगते. टीममधली मंडळी आपसांत तमिळ बोलतील. आपल्याला मुद्दाम बाजूला ठेवतात, असं मनात घेऊ नकोस. हिंदीचा आग्रह धरू नकोस. तामिळनाडूच्या सरकारी शाळांत १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा आहेत, त्यामुळे अनेकांना हिंदी खरंच येत नाही. इंग्रजीत बोल, आणि अडलीस तर ‘पुरियले, कोंजम मेदुवा सोल्लुंगा’ म्हण. समजलं नाही, जरा सावकाश सांगा. एवढ्यानेही समोरचा माणूस हसून मदतीला येतो. सफाईवाल्या मावशींना ‘अक्का’ म्हण, गेटवरच्यांना ‘अण्णा’. ऑफिसातल्या कितीतरी अडचणी हीच माणसं सोडवतात.

घर ऑफिसजवळ घे. सिरुसेरीत नोकरी आणि तांबरमला खोली असं केलंस, तर निम्मा जीव ओएमआर रस्त्याच्या गर्दीतच जाईल. नोकरदार बायकांसाठी राज्य सरकारची ‘तोळी’ वसतिगृहं आहेत, तीही बघ. खाजगी पीजी असेल तर नोंदणी आहे का, हे आधी विचार.

आणि आपल्याकडचा पावसाळा डोक्यात ठेवू नकोस. इथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. डिसेंबर २०१५ च्या पुराने आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळाने शहर ठप्प झालं होतं. पाणी साचलं तर घरून काम करता येतं का, कोण कळवतं, ऑफिसची गाडी येते का, हे आकाश भरून येण्याआधी विचारून ठेव. रात्रपाळी असेल तर घरापर्यंत सोडण्याची सोय लेखी घे.

पहिले काही दिवस दुपारी डबा घेऊन कुठे बसायचं, हेच कळत नाही. कामापेक्षा तेच जास्त बोचतं. कोणी बोलावण्याची वाट पाहू नकोस. ‘मी इथे बसू का?’ म्हणून सरळ जाऊन बस. आईची शेंगदाण्याची चटणी पुढे केलीस की समोरून दहीभात येईलच.

महिना संपला की मॅनेजरकडे अर्धा तास माग आणि विचार, ‘माझं काय बरोबर चाललंय, कुठे सुधारायला हवं?’ ऐकताना वाईट वाटलं तरी लिहून घे. सहा महिन्यांनी येणाऱ्या शेऱ्यापेक्षा आत्ताचा बोल कामाचा.

वर्षभरात तुझ्या शेजारी आणखी कोणी नवी मुलगी येईल. तिला विचारायला लावू नकोस. पहिल्या दिवशी तूच तिला जेवायला घेऊन जा.