तोंडाच्या कर्करोगाची जनुकीय लिपी

तंबाखू-चुन्याची गोळी दाढेखाली धरण्याची आणि सकाळी मिश्री लावण्याची सवय आपल्या खेड्यापाड्यांत जुनीच आहे. ही गोळी जेथे तासन्‌तास ठेवली जाते, त्या गाल व हिरडी यांच्यामधील भागातच तोंडाचा कर्करोग भारतात मोठ्या प्रमाणावर आढळतो. या रोगाचे मूळ पेशीतील जनुकांपर्यंत जाऊन शोधण्याचे कार्य भारतीय शास्त्रज्ञांनी केले आहे. त्याचा परिचय शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांना उद्‌बोधक ठरेल.

चार अक्षरांचा मजकूर

मानवी पेशीतील डीएनए हा जणू एक प्रदीर्घ मजकूर होय. त्याची लिपी अवघ्या चार अक्षरांची असून लांबी सुमारे ३०० कोटी अक्षरे भरते. प्रथिने बनविण्याच्या सूचना त्यातील जेमतेम एक ते दोन टक्के भागात असतात. तंबाखूतील घातक द्रव्यांमुळे ही अक्षरे बदलतात. पेशीच्या वाढीवर अंकुश ठेवणाऱ्या जनुकांत असे बदल साचत गेले, की पेशी अनिर्बंध वाढू लागतात. हाच कर्करोग होय.

कल्याणी आणि खारघर

निरनिराळ्या कर्करोगांतील जनुकीय बदलांची नोंद करण्यासाठी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम संघ स्थापन झाला. त्यात भारताने गाल व हिरडीचा कर्करोग अभ्यासासाठी निवडला. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था यांनी हे काम संयुक्तपणे केले. कल्याणी येथील संस्थेचे संस्थापक संचालक पार्थ प्रतिम मजुमदार हे मूळचे संख्याशास्त्राचे अभ्यासक. आकडेशास्त्राचा पंडित कर्करोगाच्या संशोधनात कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर या संशोधनाच्या पद्धतीत आहे.

गणिताची कसोटी

प्रत्येक रुग्णाच्या गाठीतील आणि रक्तातील डीएनए वाचून दोन्ही मजकूर ताडून पाहिले जातात. रक्तातही आढळणारा फरक बहुधा जन्मजात असतो. केवळ गाठीत आढळणारा फरक रोगाच्या वाटचालीत झालेला असतो. परंतु यंत्राच्या वाचनातही चुका होतात. म्हणून एकच जागा अनेकदा वाचून खरा बदल कोणता व वाचनदोष कोणता, हे संगणकाच्या साहाय्याने ठरवावे लागते. पुढची अडचण अशी, की गाठीतील बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. लांबलचक जनुकात योगायोगानेही अधिक बदल होतात. योगायोगाने अपेक्षित असलेल्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक वेळा जे जनुक बदललेले आढळते, तेच रोगकारक असण्याचा संभव असतो. ही निवड गणिताशिवाय होत नाही.

प्रथम ५० रुग्णांच्या नमुन्यांचा अभ्यास करून, मिळालेले निष्कर्ष आणखी ६० रुग्णांमध्ये पडताळण्यात आले. २०१३ मध्ये ते ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. टीपी ५३, कॅस्प ८, नॉच १ या ज्ञात जनुकांखेरीज यूएसपी ९ एक्स, एआरआयडी २ इत्यादी पाच नवी जनुके या रोगात वारंवार बदलतात, असे दिसून आले. शिवाय, बाहेरून एकसारखा दिसणारा हा रोग जनुकीयदृष्ट्या अनेक उपप्रकारांचा आहे, हेही स्पष्ट झाले. उपप्रकार ओळखून निदान व उपचार करण्याच्या दृष्टीने हे ज्ञान पायाभूत आहे.

गावाचे कर्तव्य

मात्र प्रयोगशाळेतील ज्ञान गावापर्यंत पोहोचेतो थांबून राहण्याचे कारण नाही. केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू तपासणी झालेल्या भागांत ३४ टक्क्यांनी कमी आढळले. ३० वर्षांवरील व्यक्तींच्या तोंडाची तपासणी आज राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात अंतर्भूत आहे. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम, तोंड पुरते न उघडणे ही लक्षणे दिसताच रुग्णास आरोग्य केंद्रात पाठविले पाहिजे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. परंतु दाढेखालची गोळी केवळ कायद्याने सुटत नाही. जनुकातील एकेक अक्षर बिघडण्यास वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत शाळा व ग्रामपंचायत यांना पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे.