‘सी’ कधी स, कधी क?

‘सायकल’चे इंग्रजी स्पेलिंग आठवा : सी, वाय, सी, एल, ई. अक्षर तेच, पण पहिल्या ‘सी’चा उच्चार स, दुसऱ्याचा क! नंदुरबार जिल्ह्यात कित्येक मुलांच्या घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलतात. शाळेतली मराठी त्यांची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. प्रत्येक स्पेलिंग घोकायचे तर बोजा केवढा! पण येथे नियम आहे, आणि नियमाला कारणही आहे.

आधी एक प्रयोग करा. मोठ्याने म्हणा : ‘नंदुरबारचा बाजार’, ‘नंदुरबारची मिरची’. ‘चा’ म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. ‘ची’ म्हणताना ती टाळूकडे उचलली जाते. लिपीत च एकच, पण पुढच्या स्वराने उच्चार बदलला. ई म्हणण्यासाठी जीभ टाळूकडे जाते आणि जाताना आधीच्या व्यंजनालाही तिकडे ओढते.

‘सी’चेही असेच झाले. प्राचीन लॅटिनमध्ये त्याचा उच्चार क होता. पुढे ए किंवा ई हे स्वर आले की जीभ पुढे सरकू लागली, आणि काही शतकांनी फ्रेंच भाषेत त्या जागी स ऐकू येऊ लागला. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर फ्रेंच शब्द आणि फ्रेंच लेखनाची रीत इंग्रजीत शिरली.

यातून दोन नियम मिळतात.

1. वाचताना : ‘सी’पुढे ई, आय किंवा वाय असेल तर स (सेंट, सिटी), ए, ओ, यू किंवा बहुतेक व्यंजने असतील तर क (कॅट, कोट, कप, क्लास). ‘सी’ला एच जोडला की उच्चार बहुधा च होतो, ती जोडी वेगळी.

2. लिहिताना : क या ध्वनीनंतर ई, आय किंवा वाय लिहायचे असेल तर ‘के’ घ्यावा. म्हणूनच ‘कॅट’ला सी, पण तिच्या पिल्लाला, ‘किटन’ला, के!

अपवाद आहेतच. ‘सॉकर’मध्ये दोन सी आणि पुढे ई असूनही उच्चार क होतो. असे थोडेच शब्द पाठ करावे लागतात.

स्वाध्याय : ‘सर्कस’ आणि ‘अ‍ॅक्सिडेंट’ या शब्दांत प्रत्येकी दोन सी आहेत. स्पेलिंग लिहा आणि प्रत्येक सीचा उच्चार नियमाने ठरवा. मग इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातील एका पानावरचे सगळे ‘सी’ शोधा. नियम पाळणारे किती, मोडणारे किती? दोन रकाने आखून मोजा. नियम आम्ही सांगितला म्हणून मानू नका, मोजून पाहा.