वन्य प्राण्यांवरील उपचारांचे प्रत्यक्ष शिक्षण

गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांच्या रोगांवर इलाज करणाऱ्या पशुवैद्यास कधी कधी बिबट्या, हरिण किंवा मोर यांच्यावरही उपचार करावे लागतात. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर भागात उसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर आहे व उघड्या विहिरीत बिबट्या पडल्याच्या घटना तेथे घडत असतात. अशा प्रसंगी थोडी चूक झाली तरी प्राणी दगावतो किंवा माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना या विषयाचे प्रत्यक्ष शिक्षण मिळणे अगत्याचे आहे.

शिक्षणाची सोय

पशुवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यांतील शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. महाराष्ट्रात मुंबईचे महाविद्यालय १८८६ साली व नागपूरचे १९५८ साली सुरू झाले. नागपूरजवळ गोरेवाडा येथे वन्यप्राणी संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथील निवारा केंद्रात बिबट्यांवर उपचार केले जातात. प्राणिसंग्रहालये व अशी केंद्रे हीच या शिक्षणाची खरी शाळा होय.

निरीक्षण

गाय दाव्याला बांधून तिचा ताप व नाडी पाहता येते. वाघाच्या बाबतीत तसे करता येत नाही. शिवाय वन्य प्राणी आपले दुखणे शक्यतो लपवितो व ते उघड दिसू लागेपर्यंत रोग बराच बळावलेला असतो. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम पिंजऱ्याबाहेर उभे राहून पाहण्यास शिकावे. प्राण्याने किती खाल्ले, विष्ठा कशी आहे, चालताना कोणता पाय आखडतो, याची रोज नोंद ठेवावी. प्राण्याची रोज देखभाल करणाऱ्या रखवालदारास बारीकसारीक फरकही ध्यानात येतो. त्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकावे. मांसाच्या तुकड्याचे आमिष दाखवून सवय लावल्यास वाघ गजाला टेकून स्वस्थ बसतो व त्याच्या शेपटीतून रक्त काढता येते. असे केल्याने भूल देण्याचा धोका टळतो.

भूल देणे

भूल देणे हा या शिक्षणातील सर्वांत जोखमीचा भाग आहे. बिबट्यास सामान्यतः झायलाझीन व केटामीन ही औषधे एकत्र करून फुंकनळीने किंवा बंदुकीने दुरून टोचतात. त्यासाठी वजनाचा अंदाज अचूक असावा लागतो. प्राणी निजल्यावर त्याचे डोळे उघडेच राहतात; म्हणून त्यांत मलम घालून ते कापडाने झाकावेत. श्वास, नाडी व ताप वरचेवर पाहावेत. ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ लागल्यास अंगावर पाणी टाकून तो उतरवावा. हरिणासारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यास छातीवर बसते ठेवून मान वर धरावी, म्हणजे पोट फुगत नाही. विहिरीच्या पाण्यात असलेल्या बिबट्यास भूल देऊ नये, कारण औषध लागू पडताच तो बुडतो. त्यास प्रथम खाटेचा किंवा पिंजऱ्याचा आधार द्यावा.

जातीनुसार औषध

एका जातीस गुणकारी असलेले औषध दुसरीस घातक ठरते, हा धडा प्रत्येक विद्यार्थ्याने पक्का लक्षात ठेवावा. घोड्यास लागणाऱ्या झायलाझीनच्या मात्रेचा सुमारे दहावा भागच गाईस पुरतो. पॅरासिटामॉल मांजरास विषासमान आहे. सर्वांत मोठे उदाहरण गिधाडांचे आहे. जनावरांचे दुखणे कमी करण्यासाठी दिलेले डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली व हे पक्षी झपाट्याने नष्ट होऊ लागले. हे कारण २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही २०२३ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. अर्थात गोठ्यातील उपचारांचा परिणाम रानापर्यंत पोहोचतो, हे विद्यार्थ्याने व शेतकऱ्यानेही जाणले पाहिजे.

मृत प्राण्याची तपासणी

वन्य प्राण्याच्या रोगाचे निदान बहुधा शवविच्छेदनानेच होते. परंतु फाशी रोगाचा संशय असल्यास शव उघडू नये. कानाच्या शिरेतील रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवावा. या तपासणीमुळे गावातील गुरांनाही वेळीच लस टोचता येते.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

विहिरीस कठडा बांधावा. जखमी किंवा अडकलेला वन्य प्राणी आढळल्यास त्याच्याजवळ जाऊ नये, गर्दी जमू देऊ नये व वनखात्यास त्वरित कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये बिबट्या परवानगीशिवाय पकडणे हा गुन्हा आहे. गर्दी व गोंगाट यांनी बिथरलेल्या प्राण्यावर भुलीचे औषध नीट लागू पडत नाही. तेव्हा गावकऱ्यांनी राखलेली शांतता ही पशुवैद्यास मोलाची मदत होय.