थोर ड्रमवादक कोणास म्हणावे?

लोकप्रिय संगीताच्या चाहत्यांत हा वाद जुना आहे. एक पक्ष वेगाला आणि हातांच्या तयारीला मान देतो. अमेरिकेचा बडी रिच (१९१७–१९८७) हा त्यांचा आदर्श होय. दुसरा पक्ष बीटल्सच्या रिंगो स्टारकडे बोट दाखवितो. रिंगो एकलवादनाच्या वाटेस फारसा गेला नाही. परंतु गाण्याला आधार कोठे हवा आणि आपण स्वस्थ कोठे बसावे, हे त्याने अचूक ओळखले. आमचा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. मात्र रिचला केवळ वेगाचा बादशहा म्हणणे अन्यायाचे ठरेल. मोठा वाद्यवृंद पेलून नेण्याचे सामर्थ्यही त्याच्यात होते.

चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर पायाने वाजणारा मोठा ढोल, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअर, हा रॉक संगीताचा सर्वसाधारण ठेका. आपली मान समेवर डोलते; येथे वजन पडते ते सम सोडून. एवढे कोणीही थोड्या दिवसांत शिकेल. कठीण आहे ते हाच ठेका घाई न करता शेवटपर्यंत धरणे आणि तरीही तो यांत्रिक होऊ न देणे. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स (१९४१–२०२१) स्नेअरवर आघात करतेवेळी हाय-हॅटच्या जोडझांजेवरील हात पुष्कळदा उचलून घेई. तेवढ्या निःशब्दतेने तो आघात ठसठशीत होई.

दिल्लीत या वादाची कसोटी वेगळ्या रीतीने लागली. १९९० साली तेथे स्थापन झालेल्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदात असीम चक्रवर्ती तबला वाजवीत आणि वाजविता वाजविता गातही असत. १९९४ साली अमित किलम हे ड्रमवादक म्हणून त्यांच्यात आले. एका मंचावर दोन तालवाद्ये, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी! डग्ग्याची घुमक आणि मोठ्या ढोलाचा नाद दोन्ही खर्जातले. झांजेचा झणत्कार तबल्याच्या चाटेला झाकून टाकतो. ड्रमवादकाने सारी जागा व्यापली तर बोल बुडतात, आणि येथे तर बोल वाजविणाराच गायक. १९९७ साली दिल्लीतच, सफदर हाश्मी यांच्या स्मृतिकार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेल्या ‘डेझर्ट रेन’मध्ये ही अडचण कशी सोडविली आहे, ते लक्षपूर्वक ऐकण्याजोगे आहे. ड्रम जेथे मागे सरतात, तेथे तबला बोलू लागतो. हे मागे सरणे दुबळेपणाचे नव्हे. पुढच्या आवर्तनात सारा भार पुन्हा उचलावयाचा असतो.

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती निवर्तले. पुढे तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गायनास हिमांशू जोशी आले. एकाच्या जागी दोघे. किलम ड्रमवर होतेच. परंतु गाणारा कंठ आणि तबल्यावरचा हात आता दोन निरनिराळ्या माणसांचे होते, आणि कोणाकडे पाहून थांबावयाचे, हे ड्रमवादकाला नव्याने ठरविणे भाग होते.