जर्मन घेतलीस ना, मग मराठीच्या आधाराने शीक

अकरावीला दुसरी भाषा म्हणून जर्मन घेतलीस, हे ऐकून बरं वाटलं. ‘स्कोरिंग असते गं आत्या,’ असं तू म्हणालीस. मार्क मिळतीलच. पण दोन वर्षं तासाला बसून हाती नुसते मार्कच राहिले, तर फार थोडं राहिलं असं मी म्हणेन. हीच भाषा आयुष्यभर शिकवत आले, म्हणून काही गोष्टी आत्ताच तुझ्या कानावर घालते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जर्मन इंग्रजीच्या आडून शिकू नकोस. वर्गात सगळं इंग्रजीतून समजावतात आणि मुलं आपली मराठी विसरून बसतात. मग जे व्याकरण मराठीत आहे पण इंग्रजीत नाही, तेही उगीच अवघड वाटू लागतं. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. इंग्रजीवर वाढलेला माणूस तिथेच गांगरतो. आपण मात्र ‘तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल’ हे बोलायला लागल्यापासून म्हणत आलोय. एवढंच, की त्यांची लिंगं आपल्याशी जुळतीलच असं नाही. त्यांचा चमचा पुल्लिंगी, जेवणाचा काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. म्हणून वहीत नाम कधी एकटं लिहायचं नाही. डेर, डी, डास या लिंग दाखवणाऱ्या उपपदांतलं जे लागत असेल ते आधी, मग शब्द, मग त्याचं अनेकवचन. पाठ करतानाही तिन्ही एका दमात म्हणायचं. ही सवय पहिल्या महिन्यात लागली नाही, तर पुढे विभक्ती आली की सगळाच गोंधळ होतो. चांगली हुशार मुलं नेमकी तिथे भाषा सोडतात आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतात, याचं मला अजून वाईट वाटतं.

आकड्यांचंही तेच. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, वीस नंतर. जर्मन माणूसही तसंच म्हणतो. (एकोणतीस, एकोणचाळीस मात्र आपले वेगळे.) ‘मला ठाऊक आहे की तो पुण्यात राहतो’ या वाक्यातला ‘की’पासूनचा भाग जर्मनमध्ये त्याच क्रमाने येतो, क्रियापद अगदी शेवटी. मुख्य वाक्यात ते दुसऱ्या जागी असतं, तेवढं वेगळं घटवून घ्यावं लागेल. ‘तू’ कुणाला आणि ‘तुम्ही’ कुणाला, हा भेद तर तुला कुणी शिकवायलाच नको.

रोज मोठ्याने वाच. मनात वाचलेली भाषा तोंडात येत नाही. मराठीत नसलेला तो ‘यू’वर दोन टिंबं असलेला स्वर जमत नसेल, तर ओठ ‘ऊ’सारखे गोल करून ‘ई’ म्हण, जमेल. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा अभ्यासक्रम फुकट आहे, अगदी सुरुवातीपासून बी-१ पातळीपर्यंत नेतो. त्यांच्या बातम्या संथ आवाजातही ऐकायला मिळतात. सुरुवातीला कळणार नाहीत. तरी ऐकत राहा.

कॉलेजच्या परीक्षेवर थांबू नकोस. मॅक्स म्युलर भवनात बी-१ची परीक्षा दे. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे तिचे चार भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. व्याकरण घोकून बोलण्याचा भाग सुटत नाही, म्हणूनच मला ही परीक्षा आवडते.

पुढे जर्मनीला शिकायला जायचा विचार आला, तर तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. पदवीचे बरेचसे अभ्यासक्रम जर्मनमधूनच चालतात. आणि आपल्या नुसत्या बारावीवर तिथे थेट प्रवेश सहसा मिळत नाही, तेव्हा कुणा एजंटाच्या गोड बोलण्यावर बाबाला पैसे भरू देऊ नकोस.

पण गेलीस न गेलीस, तरी शीक. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या, तिथे मानवी कवटीवरचा आपला प्रबंध त्यांनी जर्मन भाषेत लिहिला आणि परत येऊन ‘युगान्त’ मराठीत लिहिलं. परक्या भाषेत नेमकं लिहायला शिकलेला माणूस आपल्या भाषेतही सैल लिहीत नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहत आले आहे. आपण इतकी वर्षं काय बोलतो, कसं बोलतो, हे दुसरी भाषा शिकतानाच पहिल्यांदा ध्यानात येतं. आणि पाठांतराला आत्ता जी जागा आहे, जो वेळ आहे, तो नोकरी लागल्यावर चोरून काढावा लागतो.

दिवाळीच्या आत ए-१चे धडे संपव. अडलीस तर रविवारी सकाळी वही घेऊन ये, मी घरीच असते.